पाव मिलिमीटरची चावी

भाजी मंडईत ओळखीचं कुणी भेटलं की आधी मोकळं हसतं आणि मग एकदम ओठ मिटून घेतं. का, तर मी दात बघणार! आता बघते, हे खोटं कशाला सांगू. बत्तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून वेडेवाकडे दात सरळ करायचं काम केलंय. मला माणसाचा चेहरा नंतर दिसतो, चावा आधी दिसतो. लग्नात सगळे नवरीची साडी बघत असतात आणि मी नवऱ्याचा खालचा जबडा किती पुढं आलाय ते बघत बसते. आमचे यजमान चिमटा काढतात तेव्हा कुठं हातातल्या अक्षता टाकायचं भान येतं.

राजारामपुरीत माझं क्लिनिक आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर बारावीचे क्लास, मधे मी. हल्ली आठवड्यातून तीनच दिवस बसते. या दिवाळी अंकाच्या संपादकबाई माझ्या पेशंटच. दाताला तार लावून खुर्चीत आडवं पडल्यावर माणसाला काही बोलता येत नाही. त्यामुळे तार निघाल्यावर त्यांनी दोन वर्षांचं सगळं एकदम बोलून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "आता तुम्ही लिहा." म्हणून हा खटाटोप.

आधी थोडं धंद्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लोकांना वाटतं तार दाताला दोरी बांधल्यासारखी ओढते. तसं नसतं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नाही. दात आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तारेनं दाताला एका बाजूला हलकंसं रेटलं की त्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं आणि दाताच्या मागं नवीन हाड भरत येतं. पुढची वाट मोकळी होते, मागची बुजते, आणि दात आपला सावकाश सरकतो. महिन्याला एक मिलिमीटर सरकला तरी आम्ही खूश. घाई करून जोर लावलात तर दात पळत नाही, उलट अडून बसतो, दुखतो, वर मूळ झिजतं ते वेगळंच. आमचं निम्मं कौशल्य जोर कमी लावण्यात आहे.

हे कोल्हापूरच्या माणसाला सांगून बघा एकदा! गूळ मार्केटातला एक पेशंट होता, दर वेळी खुर्चीत बसायच्या आधी सुरू व्हायचा. "मॅडम, एकदाच काय ते कचकून आवळा की. हे काय थोडं थोडं लावलंय?" मी म्हणायची, "अहो, हाड आहे ते, नटबोल्ट नव्हे." त्याला काही ते पटलं नाही. वर दातावर चिकटवलेली बटणं त्यानं तीनदा तोडून आणली. तिसऱ्यांदा मी चिडून विचारलं, "मटणाची नळी फोडलीत ना?" तर शपथेवर सांगतो कसा, "फोडली न्हाय मॅडम. नुसती चोखली." आता चोखून बटण निघतं का, तुम्हीच सांगा. पण अडीच वर्षांनी दात सरळ झाले तेव्हा आरशात बघून तो पाच मिनिटं गप्प बसला होता, आणि तो गप्प बसल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं.

मी चिडकी आहे. हे मीच सांगून टाकते, नाहीतर माझी असिस्टंट मंगल सांगेल. मंगल माझ्याकडे वीस वर्षं आहे आणि मी पेशंटला रागावले की ती माझ्यामागं उभी राहून त्यांना डोळ्यांनी 'मनावर घेऊ नका' म्हणून सांगत असते. बहुतेक वेळा माझा राग बरोबर जागी पडला. एकदा नाही पडला. तेच लिहायला बसलेय.

काही वर्षांपूर्वी पुलाच्या शिरोलीहून तानाजी नावाचे गृहस्थ मुलीला घेऊन आले. ते शिरोली एमआयडीसीत टूलरूमला फिटर, बायको दिवसभर टेलरिंगच्या कामावर. मुलगी अंकिता, नुकतं चौदावं लागलेलं. पोरगी हुशार, बोलकी, पण बोलताना तळहात तोंडावर. मी हात बाजूला करायला लावला आणि मला काळजीच वाटली. वरचा जबडा इतका अरुंद होता की दात मिटताना एकमेकांवर बसायचेच नाहीत. मग पोरगी खालचा जबडा डावीकडे सरकवून चावायची. असं वर्षानुवर्षं केलं की हाडही तसंच वाढतं. तिची हनुवटी तेव्हाच जराशी डावीकडं झुकायला लागली होती.

"वर्गात हात वर करायची बंद झालीया," तानाजी म्हणाले. "आधी सगळ्यात पुढं असायची."

अशा मुलांसाठी आमच्याकडे एक उपाय आहे. वरचा जबडा डावा आणि उजवा अशा दोन हाडांचा असतो आणि टाळूच्या मधोमध ती दोन्ही जुळलेली असतात. लहानपणी ही शिवण कच्ची असते. दाढांना कड्या घालून टाळूशी एक बारीक स्क्रू बसवायचा. त्यात चावी घालून पुढून मागं ढकलली की पाव फेरा होतो आणि स्क्रू पाव मिलिमीटर उघडतो. रोज एक पाव फेरा. आठ-दहा दिवसांत शिवण सुटते, दोन्ही हाडं बाजूला होतात, मधल्या जागेत पुढं नवं हाड भरतं आणि जबडा रुंद होतो. शिवण सुटली की वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये चांगली दिसेल अशी फट पडते. ती फट पडली की डॉक्टरनं निर्धास्त व्हायचं.

अडचण वयाची होती. मुलींची ही शिवण लवकर पक्की होते. चौदा म्हणजे अगदी काठावर. सुटली तर सुटली, नाहीतर अठरा वर्षांपर्यंत थांबून जबड्याचं ऑपरेशन, आणि तोवर चेहरा आणखी वाकडा. मी हे तानाजींना स्पष्ट सांगितलं. चावी रोज घरीच फिरवायची असते, त्यामुळे ती कशी घालायची, कशी ढकलायची ते त्यांना दोनदा करून दाखवलं. फिटर माणूस, त्यांच्या हाताला हे काम म्हणजे खेळ. "सकाळी फर्स्ट शिफ्टला जायच्या आधी फिरवतो," म्हणाले आणि चावी शर्टाच्या खिशात ठेवून गेले.

दहा दिवसांनी आले. फट नाही. म्हटलं, असू दे, वेळ लागतो एखाद्याला.

बाविसाव्या दिवशी आले. खुर्चीत घेऊन बघितलं तर पुढचे दोन दात एकमेकांना चिकटलेले जसेच्या तसे. रविवार होता, दिवेलागण झालेली, बाहेर माणसं ताटकळलेली, आणि माझं डोकं फिरलं.

"खरं सांगा, चावी फिरवायची विसरता ना?"

"न्हाय मॅडम. रोज फिरवतो." त्यांनी खिशातून कॅलेंडरचं पान काढून दाखवलं. रोजच्या तारखेवर पेनानं टिक केलेली.

"टिका मारायला काय लागतं? कॅलेंडरवर कुणीही मारतं," मी म्हणाले.

आजही हे वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. मुलीच्या समोर बोलले मी ते. तानाजींचा चेहरा एकदम लाल झाला. मंगलनं माझ्यामागून डोळे केले असतील, पण त्यांनी तिकडं बघितलंच नाही.

मग मीच पुढं बोलत सुटले. म्हटलं, फिरवली असेल तर याचा अर्थ शिवण पक्की झालीय. आता काढून टाकू हे सगळं. अठराची झाली की ऑपरेशन. अंकितानं तळहात तोंडावर ठेवला तो तसाच राहिला आणि डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

तानाजी जागचे हलले नाहीत. "मॅडम, मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर आमचा घडवलेला जॉब भंगारात जातोय. पाव मिलिमीटर मला कळत न्हाय व्हय? तुमच्याकडं मापायला काय हाय का? न्हायतर माझा व्हर्नियर हाय पिशवीत."

"ग्रीसचा व्हर्नियर माझ्या पेशंटच्या तोंडात घालू नका," म्हणत मी माझं मापायचं काढलं. चिडूनच काढलं. बसवला तेव्हा स्क्रूचे दोन्ही भाग एकमेकांना टेकलेले होते. आता त्यांच्यामध्ये किती अंतर झालंय ते मापलं. खरं तर हे मी दहाव्या दिवशीच करायला हवं होतं. शिवण पक्की असणार अशी शंका मनात आधीच बसली होती, म्हणून मी नुसती फट शोधत राहिले आणि स्क्रूकडं नीट बघितलंच नाही. चूक माझी, सरळ सरळ.

"अर्धा मिलिमीटर," मी म्हणाले.

तानाजी भिंतीकडं बघत पुटपुटले. "बावीस पाव म्हंजे साडेपाच व्हायला पायजे. अर्धा म्हंजे दोनच फेरं. मग ऱ्हायलेलं वीस गेलं कुठं?" आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "स्क्रूचा आटा खोटं बोलत न्हाय मॅडम. कुणीतरी उलटा फिरवतंय. बावीसातलं दोन दिवस तेवढं जमलं न्हाय त्यास्नी."

मग खुर्चीतून बारीक आवाज आला.

"अव्वा दोन दिवस वाडीला गेलती."

अव्वा म्हणजे तिची आजी, तानाजींची आई. माहेर कर्नाटकच्या हद्दीवरचं, म्हणून घरात सगळी तिला अव्वाच म्हणतात. पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाऊन ती दोन दिवस तिथं राहिली होती. बाकीचे वीस दिवस काय झालं, ते अंकितानं हुंदके देत सांगितलं. सकाळी बाबा चावी फिरवून जायचे. दिवसभर टाळू ठणकायची. शाळेतून आली की ती अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून रडायची. अव्वानं पहिल्याच दिवशी खुंटीवरची चावी काढली, तोंडात बघितलं आणि मागून पुढं ओढून सकाळचा पाव फेरा परत घेतला. जन्मभर शेवयाच्या सोऱ्याचा आटा फिरवलेली बाई ती, सुलटं-उलटं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सकाळी लेकानं पुढं न्यावं, संध्याकाळी आईनं मागं आणावं. स्क्रू बिचारा वीस दिवस जागच्या जागी!

मला हसावं की रडावं कळेना. तानाजींना मात्र हसू आलं नाही. ते अंकिताला म्हणाले, "मला सांगायचं न्हाय व्हय, बाळा?" आणि तिचे डोळे पुसले. मी तिथल्या तिथं त्यांची माफी मागितली. बाहेरच्या माणसांना ऐकू गेलं असेल तर जाऊ दे. बोलले होते त्याच आवाजात मागितली. ते म्हणाले, "असू दे मॅडम. स्क्रू चांगला हाय नव्हं?"

दुसऱ्या दिवशी अव्वाला घेऊन यायला सांगितलं. आली. पांढरं पातळ, हातात कापडी पिशवी, तोंडात स्वतःचा एकही दात नाही, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच भांडायला सुरुवात.

"मला कुणी काय सांगितलं हुतं का? चावी दिलीसा माझ्या पोराच्या हातात. त्यो फिरवून जातोय शिफ्टला. दुखणं दिवसभर कुणापाशी? माझ्यापाशी! पोरगी भाकरीचा तुकडा मोडत न्हाय. मी काय नुसती बघत बसू व्हय?"

बरोबरच होतं की ते. मी दोन हाडांची शिवण, पाव मिलिमीटर, चौदाव्या वर्षाचा काठ, सगळं त्या माणसाला समजावलं होतं जो सकाळी सातला घराबाहेर पडतो. दुखेल, दोन-चार दिवसांत कमी होईल, गोळी द्या, भाकरी दुधात कुस्करून द्या, हे ज्या बाईला कळायला हवं होतं तिला मी पाहिलंही नव्हतं.

मग मी प्लॅस्टरचा जबडा काढला आणि अव्वाच्या हातात दिला. अंकिताचा वरचा जबडा आहे म्हणून सांगितलं. टाळूवर पेन्सिलीनं रेघ मारून दाखवली, इथं सुटायला हवं, नाही सुटलं तर हनुवटी अशी सरकत जाईल. तिनं तो जबडा फिरवून फिरवून बघितला. तिचा आवाज एकदम खाली आला.

"म्हंजे पोरीचं त्वांड मीच वाकडं करत हुते की हो."

"नाही अव्वा. मी सांगायचं राहिलं."

ती रडली. मंगलही रडली, पण मंगल कशालाही रडते. शेवटी मी चावी अव्वाच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, यापुढं तुम्हीच फिरवायची, पुढून मागं. तानाजी बाजूला उभे राहून फक्त मोजतील. फट कधी पडेल, विचारलं तिनं. मी खरं तेच सांगितलं. दहा-बारा दिवसांत पडायला हवी. नाही पडली तर माझ्या हातात काही नाही.

ते बारा दिवस मला जड गेले. क्लिनिकमध्ये दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडात बघत असायची आणि डोक्यात शिरोली. वीस दिवस वाया गेले होते आणि त्या वयात वीस दिवससुद्धा कमी नसतात. मंगलला तीनदा विचारलं, शिरोलीचा फोन आला होता का. चौथ्यांदा तिनं मलाच दटावलं. इकडं अव्वानं वाडीच्या दत्ताला नवस बोलून ठेवला होता, नातीच्या दातात फट पडू दे म्हणून. दात जुळावेत म्हणून नवस बोललेले लोक मी पाहिलेत. फटीसाठी बोललेली ही पहिलीच. आमचं घर बौद्ध, नवसाची रीत आमच्यात नाही, पण त्या दिवसांत मी कुणालाच अडवलं नसतं.

तेराव्या दिवशी सकाळी मी क्लिनिकचा जिना चढत होते तर वरून आरडाओरडा. शटरला कुलूप आणि त्याच्यापुढं अव्वा, शाळेच्या ड्रेसमधली अंकिता आणि क्लासला निघालेली पाच-सहा पोरं गोळा झालेली. मला बघून अव्वा ओरडली, "आलीसा! पडली की हो, फट पडली! दाखव गं, बाईस्नी दाखव!"

अंकितानं तोंड उघडलं. पुढच्या दोन दातांमध्ये काडी जाईल एवढी फट. मी तिथंच जिन्यावर तिची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली आणि बघत राहिले. ती हसत होती. तोंडभर हसत होती, सगळ्यांसमोर, आणि तिचे दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर होते. अव्वानं पिशवीतून कवठाच्या बर्फीचा पुडा काढला आणि आधी एक वडी माझ्या तोंडात कोंबली. दातांची डॉक्टर सकाळी सकाळी जिन्यात उभी राहून बर्फी खातेय, हे वरच्या क्लासच्या पोरांनी नंतर वर्षभर पुरवून सांगितलं.

पुढं सगळं सुरळीत झालं. जबडा हवा तेवढा रुंद झाला, मी स्क्रू पक्का करून टाकला आणि चावी परत मागून घेतली. मधल्या जागेत हाड भरेपर्यंत सहा महिने तो तसाच ठेवायचा असतो. नंतर दीड वर्ष तार लावली. अंकिता आता कॉलेजात आहे, हनुवटी मधोमध आहे आणि वक्तृत्व स्पर्धेत बोलते असं तानाजी सांगतात. तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे. असा स्क्रू बसवायचा असेल तर घरात दिवसभर मुलाजवळ जे कुणी असेल, आजी, आत्या, शेजारीण, ते माणूस हजर असल्याशिवाय मी चावी देत नाही. नवीन डॉक्टर मुलं हसतात. हसू देत.

पण एक फोन सांगायचा राहिला. स्क्रू पक्का करून महिना-दीड महिना झाला असेल. दुपारी मंगलनं फोन माझ्या कानाला लावला. अव्वा होती, आणि आवाज घाबराघुबरा.

"डाक्टरीणबाई, घात झाला! फट मिटाय लागलीया. निम्मी ऱ्हायली न्हाय. मी हात लावलेला न्हाय हं, पोरीची शप्पत! चावी तर तुमच्याकडंच हाय. मग उलटं फिरवलं कुणी?"

मी कपाळावर हात मारला. फट पडल्यावर ती आपोआप मिटतेच. हाड रुंद झालेलं तसंच राहतं, हिरडीतले धागे फक्त ते दोन दात हळूहळू परत जवळ आणतात. चांगलं लक्षण असतं ते. हे प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं. मला बत्तीस वर्षं माहीत आहे. आणि फट पाडायला शिकवताना, जबडा हातात देऊन सगळं समजावताना, एवढं एक वाक्य सांगायचं मी पुन्हा विसरले होते.

"अव्वा," मी म्हणाले, "ती मिटायलाच हवी. आपोआप मिटते. सगळं बरोबर चाललंय."

पलीकडून कान बधिर होईल असा आवाज आला.

"मग आदी सांगायचं की हो!"